आमच्या कॅराव्हॅनची हंगामी देखभाल

कोणती कामं स्वतः करावीत आणि कोणती दुसऱ्याकडून करून घ्यावीत, याबद्दल माझं मत पक्कं आहे. सगळी स्वतः करावीत. आपली दाढी आपण करतो की नाही? मग नळाचा वायसर, पंख्याचा कंडेन्सर आणि कॅराव्हॅनची हंगामी देखभाल यांनी काय घोडं मारलंय? माझी बायको म्हणते, दाढी केल्यावर आधी आरशात बघा आणि मग बोला. पण तिच्या माहेरी सगळं दुसऱ्याकडून करून घ्यायची पद्धत आहे, त्यामुळे मी ते मनावर घेत नाही.

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. तिला इंजिन नसतं, गाडीच्या मागे जोडून न्यायची. आमची जुनी आहे, दोन हातांखालून गेलेली, रंगाने एकेकाळी पांढरी. थंडीभर ती सोसायटीच्या आवारात, मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या उंच टाकीखाली ताडपत्री पांघरून उभी असते. टाकी भरली की वाहते आणि सगळं पाणी हिच्या डोक्यावर पडतं, पण दुसरी जागा सोसायटीने दिली नाही. हंगाम सुरू झाला की ताडपत्री काढायची, टायर, बॅटरी, शेगडी तपासायची, छताच्या फटी भरायच्या, गाद्यांना ऊन द्यायचं आणि निघायचं. माहितीपुस्तिकेत हे सगळं अर्ध्या पानात उरकलंय. ती लिहिणाऱ्याला शेजारी नसावेत.

आता तुम्ही म्हणाल, तिसऱ्या मजल्यावरच्या नोकरदार माणसाला हा हत्ती पाळायला कुणी सांगितलं? तर अप्पांनी. अप्पा म्हणजे माझे वडील. आणि त्यांनी सांगितलं ते काकांमुळे, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावामुळे.

फार वर्षांपूर्वी अप्पांच्या जुन्या घराचं छत गळायला लागलं. पाणी जिथे टपकत होतं, बरोबर तिथेच अप्पांनी वर जाऊन सिमेंट थापलं. खाली येऊन हात पुसताहेत तोवर पाणी दुसरीकडे टपकायला लागलं. काका म्हणाले, "दादा, पाणी टपकतं एकीकडे आणि शिरतं भलतीकडे," आणि हसले. पाहुण्यांच्या देखत हसले, हे महत्त्वाचं. अप्पा म्हणाले, एवढं कळतं तर स्वतःच्या घरात बस. काका म्हणाले, बसतो, तुझ्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मग अप्पा तरी मागे कसे राहतील, तेही म्हणाले, मीही तुझ्या घरात ठेवणार नाही. ते छत त्यानंतर कधीच दुरुस्त झालं नाही. दुरुस्त करायचं म्हणजे काकांनी सांगितलेली जागा उकरायची. त्यापेक्षा अप्पांनी घर विकलं.

आमच्या घराण्यात माणसं चष्मा हरवतात, छत्री हरवतात, पण शब्द म्हणजे शब्द. दोघं दर रविवारी फोनवर तासभर बोलायचे. रक्तदाब, गुडघे, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, सगळं. पण भेटायचे फक्त लग्नाच्या हॉलमध्ये, कारण हॉल हे कुणाचंच घर नसतं. पुढे घराण्यातली सगळी पोरं एकदाची लग्नं करून मोकळी झाली आणि दोन भावांना भेटायला जागाच उरली नाही. तेव्हा अप्पांनी कॅराव्हॅनची टूम काढली. काकांच्या अंगणात ती उभी करायची, तिच्यातच राहायचं, आणि घरात पाऊल न ठेवता परत यायचं. गेली काही वर्षं हेच चाललंय. काका काही आत चढत नाहीत. म्हणतात, आत शेगडी आहे, पलंग आहे, म्हणजे हे दादाचं घरच झालं. ते अंगणात खुर्ची टाकून बसतात, अप्पा आत खिडकीशी बसतात, आणि बशा खिडकीतून जातात-येतात. शहाण्या माणसाने यात पडू नये.

यंदा काकांनी फोनवर बोलता बोलता सांगितलं की हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरलंय, पुढच्याच आठवड्यात. हवामान सांगावं तसं सांगितलं. अप्पांनी फोन ठेवला, कपाटावरची बॅग काढली आणि स्वेटर भरायला लागले. मला म्हणाले, "गाडी कधी निघते?"

"शनिवारी," मी म्हणालो. माझ्या आवाजात तेव्हा जो आत्मविश्वास होता, तो आठवला की अजूनही मला माझा अभिमान वाटतो.

पहिली अडचण घरातच निघाली. थंडीत उंदीर लागू नयेत म्हणून मी कॅराव्हॅन रिकामी करून सामान वर आणतो. माझीच शक्कल. पण मध्यमवर्गीय घरात एकदा आलेली वस्तू परत जात नाही. कॅराव्हॅनची गादी अप्पांच्या पाठीला लागू पडली होती, तिच्यावाचून त्यांना झोप येत नव्हती. घडीच्या टेबलावर इस्त्रीने संसार मांडला होता. पडदे बायकोने धुवून शिलाई मशिनीवर घातले होते, आणि मशीन त्यांच्याशिवाय उघडी पडते म्हणे. गॅसची शेगडी तर ज्यांना दिली होती ते शेजारी बदली होऊन जाताना ती घेऊनच गेले. दोन दिवस मी माझ्याच घरात जप्तीला आलेल्या माणसासारखा फिरत होतो. प्रत्येक वस्तू उचलली की घरातलं कुणी ना कुणी म्हणायचं, आता हेही नेणार का?

मग छत. टाकी वाहिली की आत बेसिनच्या वर पाणी टपकायचं. शिडी लावून मी वर चढलो, तर खाली 'अनुभवी' उभे. पहिल्या मजल्यावरच्या या गृहस्थांना आम्ही अनुभवी म्हणतो, कारण कोणताही विषय काढा, ते म्हणतात, मला त्याचा अनुभव आहे. त्यांना मूतखड्याचा आणि वाटणीच्या खटल्याचा खरोखरच आहे. कॅराव्हॅनचा कसा असेल, असं मी विचारलं नाही, तीच चूक झाली. ते म्हणाले, जिथे टपकतंय तिथेच बरोबर वर सिलिकॉन भरा, सढळ हाताने भरा, हात आखडू नका. मी अख्खी नळी रिकामी केली. संध्याकाळी टाकी वाहिली आणि पाणी पलंगाच्या वर टपकलं. दुसऱ्या दिवशी पलंगाच्या वर भरलं, तर ते टेबलाच्या वर गेलं. अनुभवी म्हणाले, हे पाणी घाबरलंय, आता सोडू नका.

अप्पा खाली उभे राहून हे सगळं बघत होते. मी शिडीवरून उतरलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, बाप माझं कौतुक करतोय. ते वळून घरात गेले. जुन्या छताची गोष्ट मला तेव्हा आठवायला हवी होती, पण हाताला चिकटलेलं सिलिकॉन निघत नसलं की माणूस इतिहासाचा विचार करत नाही.

नंतर वाहन तपासणीचं कार्यालय. थंडीनंतर कॅराव्हॅन रस्त्यावर आणायची तर तपासणी लागते. खिडकीतल्या बाईंनी इंजिन नंबर विचारला. इंजिन नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग हे वाहन नाही, आत राहता ना, घरांच्या खिडकीवर जा. घरांच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी पाया किती खोल आहे ते विचारलं. पाया नाही, चाकं आहेत, असं सांगितल्यावर त्यांनी मला पुन्हा बाईंकडे पाठवलं. मी आवाज चढवला नाही. ज्येष्ठ नागरिक होण्याआधी माणसाला जेवढ्या सौजन्याने चिडता येतं तेवढ्या सौजन्याने चिडलो. शेवटी एक तपासनीस जागेवर येऊन निकाल देतील असं ठरलं.

तपासनीस शुक्रवारी आले. कडक माणूस. टायर दाबले, मागचे दिवे लावून पाहिले, आत जाऊन पलंगावर बसून पाहिलं. अप्पा बॅग घेऊन आत आधीच बसले होते. त्यांनी विचारलं, "साहेब, हे घर आहे का?" तपासनीस म्हणाले, "आजोबा, हे घर नाही. सरकारच्या लेखी हे वाहन आहे. इथे तुम्ही राहत नाही, प्रवास करता." अप्पांनी मान हलवली. तपासनिसांनी शिक्का मारला, हात मिळवला आणि जाता जाता सहज म्हणाले, "छान ठेवलीय. पण ही बाहेर काढणार कुठून?"

मी हसलो. म्हटलं, फाटकातून. आणि फाटकाकडे बघितलं.

आता इथे जरा मागे जायला हवं. थंडीच्या सुरुवातीला सोसायटीची सभा झाली होती. सामान पोचवणारे टेम्पो आत येतात, झाडं मोडतात, मुलांना धोका आहे, असा विषय होता. त्यावर एका सभासदाने असं काही भाषण केलं की सभेने टाळ्या वाजवून फाटक अरुंद करायचा ठराव एकमताने मंजूर केला. दोन्ही बाजूंना पक्के खांब उभे राहिले. आमची गाडी आरामात जाते. गाडीहून रुंद काही जाऊ नये हाच उद्देश होता आणि तो पूर्ण सफल झाला. तो सभासद मी. कॅराव्हॅन तेव्हा ताडपत्रीखाली होती. नजरेआड गेलेली वस्तू माझ्या मनातूनही जाते.

बायकोने टेप आणून मोजलं. वीतभर कमी पडत होतं. टेप गुंडाळत ती शांतपणे म्हणाली, "सभेत तुम्ही बोलत होतात तेव्हा मी तुम्हाला चिमटा काढला होता."

मला तो चिमटा नीट आठवतो. मला तो कौतुकाचा वाटला होता.

सेक्रेटरींकडे गेलो. ते फार सभ्य माणूस आहेत, नियमाबाहेर श्वासही घेत नाहीत. म्हणाले, खांब पाडायचा तर सर्वसाधारण सभा, ती वर्षाअखेरीला, आणि तुमच्याच ठरावाविरुद्ध तुम्हालाच बोलावं लागेल. मग गवंड्याला बोलावलं. त्याने खांबाला हातोडी लावून बघितली आणि म्हणाला, हे पाडायचं तर कुंपणाची भिंतही येईल, कुणीतरी उभं राहून यात दुप्पट सिमेंट घालून घेतलंय. त्या कुणीतरीने खाली मान घातली. क्रेनने उचलायची तर वर विजेच्या तारा. चाकं काढून आडवी सरकवायची, ही अनुभवींची सूचना. त्यांना त्याचाही अनुभव होता.

अप्पांना हे सांगायचं कुणी? मीच गेलो. ते कॅराव्हॅनमध्ये खिडकीशी बसले होते, मांडीवर बॅग, अंगात स्वेटर, डोक्याला टोपी. मी सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"त्याचं ऑपरेशन आहे रे," एवढंच म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "मी बसतो इथेच. निघालोय म्हणून सांगितलंय त्याला."

मी म्हटलं, अप्पा, मी तुम्हाला गाडीने नेतो, हॉटेलात उतरू. तर म्हणाले, तो दिवसभर त्याच्या पलंगावर पडून असतो, अंगणातही येत नाही आता. घराबाहेर रस्त्यावर उभा राहून कुणाला भेटू? मी म्हटलं, या वयात कसला शब्द, जा सरळ आत. त्यांनी मांडीवरची बॅग घट्ट धरली. शब्द तर होताच, पण मला पहिल्यांदाच कळलं की त्यांना भीतीही होती. आपण होऊन आत गेलो आणि तो पुन्हा हसला तर, अशी. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. त्या दोन खांबांकडे बघून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि मी ती मारली नाही ती फक्त अनुभवी बघत होते म्हणून.

वर आलो तर बायको फोनवर बोलत होती. पलीकडे काका होते. ही कल्पना मूळ माझी, असं मी बऱ्याच लोकांना सांगितलंय आणि पुढेही सांगणार आहे. ती म्हणत होती, काका, अप्पांना येता येत नाही, तर तुम्हीच या. घरात नाही, गाडीत. काकांनी तिची चांगली उलटतपासणी घेतली. गाडी म्हणजे दादाचं घरच, असं म्हणाले. ती म्हणाली, सरकारी माणूस येऊन सांगून गेलाय, ते घर नाही. काकांनी विचारलं, उभी कुणाच्या जागेत आहे? सोसायटीच्या. म्हणजे सगळ्यांच्या? सगळ्यांच्या. काका म्हणाले, सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, हॉलसारखंच झालं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, गाडीत मागे आडवे पडून जाणार असाल तर एक दिवस जाऊन या, जिने मात्र चढायचे नाहीत. रविवारी दुपारी चुलत बहीण त्यांना घेऊन आली. त्यांची गाडी फाटकातून अगदी आरामात आत आली. योजना किती अचूक होती बघा.

काकांना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. अर्धे झाले होते. कॅराव्हॅनच्या पायरीशी ते थबकले, आत बघितलं आणि म्हणाले, "पलंग आहे." अप्पा आतून म्हणाले, "प्रवासाचा आहे. वर ये." आणि त्यांनी हात पुढे केला. काका तो हात धरून चढले. आयुष्यात पहिल्यांदा दोघं त्या टेबलाच्या एकाच बाजूला खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याचा पंप आणि कुणाची तरी सायकल. तरी बघत होते.

सेक्रेटरी आलेच. उभ्या वाहनात पाहुणे बसवण्याची तरतूद नाही, असं त्यांना म्हणायचं होतं, पण बायकोने त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि सभ्य माणसाला चहा पिताना आक्षेप घेता येत नाही. अनुभवी शिडीला टेकून उभे होते. सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात टाकी वाहिली.

मी सिलिकॉनच्या तीन नळ्यांवर विसंबून होतो. छतावर पाण्याचा आवाज झाला, थांबला, आणि टेबलाच्या बरोबर मधोमध, दोन भावांच्या मध्ये, एक थेंब पडला. मग दुसरा. काकांनी मान वर करून बघितलं. तोंड उघडलं. मी खुलासा करायला पुढे सरसावलो, तर दंडाला चिमटा बसला. या वेळी मला तो कळला. मी गप्प बसलो.

अप्पांनी शेजारचं पातेलं ओढून थेंबाखाली ठेवलं. वर न बघता म्हणाले, "बोल. कुठून येतंय?"

"इथून नाही येत," काका हळूच म्हणाले.

"ते मला तेव्हाही कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस, दादा?"

"तू हसला होतास."

काका पातेल्याकडे बघत राहिले. "हसलो होतो," ते म्हणाले. "हसायला नको होतं रे." आणि त्यांनी अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बायको बाहेर गेली. सेक्रेटरी कप हातात घेऊन चाकाचं निरीक्षण करायला लागले. मला सिलिकॉनचा वास डोळ्यांत जातो, तो गेला.

निघताना काकांनी आमच्या जिन्याकडे बघितलं आणि विचारलं, तिसरा मजला ना? मी म्हटलं, हो, लिफ्ट नाही. म्हणाले, "ऑपरेशन झालं की चढेन. आणि दादा, ते छत कुणाला हात लावू देऊ नकोस. मी येऊन बघतो. हा तर," म्हणजे मी, "तुझ्यावरच गेलाय."

गाडी फाटकातून बाहेर गेली. अप्पा बराच वेळ उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस ना? छताला हात लावायचा नाही."

मी लावलाही नसता. पण झालं असं की चाकाचं निरीक्षण करताना सेक्रेटरींच्या डोक्यावर टाकीचं पाणी पडलं होतं. कर्तव्यदक्ष माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह बदलून घेतला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा टाकी वाहायची थांबली. संध्याकाळी अप्पा खाली जाऊन बघतात तर पातेलं कोरडं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

तेव्हापासून आमच्या कॅराव्हॅनची खरी हंगामी देखभाल सुरू झाली. रोज सकाळी अप्पा उठायच्या आत मी बादली घेऊन शिडीवर चढतो आणि छतावर पाणी ओततो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. एकदम ओतलं तर खिडकीवरून वाहून जातं, हळूहळू आणि सगळीकडे फिरवून ओतावं लागतं, तेव्हा कुठे टेबलावर चार थेंब पडतात. अनुभवी बाल्कनीतून बघतात. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, देखभाल. ते विचारात पडले आणि मग म्हणाले, डावीकडून ओता, मला अनुभव आहे. आणि काय सांगू, त्यांचं बरोबर निघालं.

ऑपरेशनच्या दिवशी मी दोन बादल्या ओतल्या. दिवसभर अप्पा कॅराव्हॅनमध्ये बसून होते, फोन टेबलावर, पातेल्याशेजारी. संध्याकाळी चुलत बहिणीचा फोन आला की सगळं नीट झालं. दोन दिवसांनी काका स्वतः बोलले. आवाज अगदी बारीक होता. तब्येत कशी, दुखतंय का, अप्पांनी विचारलेल्या कशालाच त्यांनी उत्तर दिलं नाही.

"दादा, गळतंय ना अजून?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी मान वर करून छताकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या बादलीकडे. त्यांना कधीपासून माहीत होतं, कोण जाणे.

"गळतंय रे," अप्पा म्हणाले. "तू ये."